बाटली की केग? तिकडे आधी बाटली, इकडे सध्या काहीच नको

मागच्या रविवारी ओहायोतल्या मावसभावाचा गॅरेजमध्ये बिअर बनवतानाचा फोटो टाकला आणि दोन प्रकारचे फोन सुरू झाले. वडीलधाऱ्यांचे : "अरे, त्यानं अमेरिकेत जाऊन हातभट्टी लावली का?" आणि परदेशात नोकरीला असलेल्या आपल्या गावच्या पोरांचे : "सर, आम्हीपण सुरू करतोय, लाइट बिअर करायची आहे. बाटल्या घ्याव्यात की डायरेक्ट केग?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. मी स्वतः बनवत नाही, पण गेल्या वर्षी सहा आठवडे त्याच्याकडे होतो आणि बाटल्या धुण्याचं खातं माझ्याकडे होतं. तेवढ्या अधिकारावर बोलतोय.

आधी काका लोकांचं. हातभट्टीत गूळ-नवसागराचं रसायन सडवून ते उकळतात आणि वाफ गाळून घेतात. बिअरमध्ये गाळणं नाही. सातूचा माल्ट गरम पाण्यात, मग हॉप्स घालून उकळी, गार केल्यावर यीस्ट, आणि मग वाट बघायची. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती दारूतल्या मिथेनॉलमुळे. घरी आंबवलेल्या बिअरमधून तसलं काही होत नाही. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ मध्ये कार्टर अध्यक्ष असताना केंद्रीय कायद्यानं मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन. विकायची नाही. दारू गाळायची सवलत त्या कायद्यात नाही. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं तर २०१३ पर्यंत घरच्या बिअरलाही तयार नव्हती, त्यामुळे अमेरिका म्हणजे सगळं मोकळं असं समजू नका.

आता पोरांनो, तुमचं. दुकानदार तुम्हाला केगच सुचवणार. केग म्हणजे १९ लिटरची स्टीलची उभी टाकी. कोल्ड्रिंकचं सरबत हॉटेलांना ज्यातून जायचं त्याच या टाक्या. त्यासोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या, तोटी आणि हे सगळं मावेल असा वेगळा फ्रिज. एक घाणा साधारण १९ लिटरचाच असतो, त्यामुळे एका टाकीत काम संपतं. बाटलीत भरायचं तर ३५५ मिलीच्या पन्नासेक बाटल्या धुवा, निर्जंतुक करा, साखर घाला, भरा, हातानं बुच दाबा. माझी कंबर अजून आठवण काढते.

खरं सांगायचं तर लाइट बिअरला केग तांत्रिकदृष्ट्या जास्त मानवतो. लाइट बिअर पातळ, फिकी, अमेरिकेत अल्कोहोल साधारण ४ टक्क्यांच्या आसपास. (तिकडे लाइट म्हणजे कॅलरी कमी. आपल्याकडची 'माइल्ड' अल्कोहोलवरून ठरते. दोन्ही एकच समजू नका.) काळ्या, कडवट बिअरमध्ये चुका लपतात, हिच्यात काहीच लपत नाही. भरताना हवा लागली की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. बाटलीत फेस आणायला साखर घालावी लागते, ती खाऊन यीस्ट तळाशी साका धरतं, आणि फिकट बिअरमध्ये तो लगेच दिसतो. केगमध्ये बाहेरून गॅस देता, बिअर नितळ राहते, ३-४ अंशाला १०-१२ पीएसआयवर ठेवली की आठवडा-दहा दिवसांत फेस तयार.

तरीही माझं मत : पहिले पाच-सहा घाणे बाटलीतच करा.

कारण पैशाचं आहेच. रिकाम्या तपकिरी बाटल्या मित्रांकडून फुकट मिळतात (फिरकीच्या झाकणाच्या नको, त्यावर बुच नीट बसत नाही, हिरव्या-पांढऱ्या काचेतून उजेड लागून बिअर वास मारते). बुच दाबायचं यंत्र स्वस्त असतं. केगचा संच त्याच्या कित्येक पट. आणि पहिला घाणा फसण्याची शक्यता भरपूर. लाइट लागर नीट व्हायला १०-१२ अंशांत आंबवणं लागतं, नव्या माणसाला तेच जमत नाही. बिअर बिघडली असेल तर महागडा केग तिला सुधारत नाही. म्हणून लागरचा हट्ट सोडून साध्या खोलीच्या तापमानाला होणाऱ्या ब्लॉंड एलपासून सुरू करा, तीही हलकीच लागते.

बाटलीचा धोकाही सांगतो, तो हसण्यावारी नेऊ नका. आंबणं पूर्ण व्हायच्या आत भरलं, किंवा साखर अंदाजानं ओतली, तर बाटली फुटते आणि काचा उडतात. हायड्रोमीटरचं माप लागोपाठ तीन दिवस तेच आलं तरच भरा. साखर चमच्यानं नाही, काट्यावर मोजा; १९ लिटरला साधारण ११५ ते १४० ग्रॅम. सुरुवातीला ११५ च्या जवळ राहा. मग दोन आठवडे खोलीत, खोक्यात, उभ्या ठेवा, म्हणजे साका तळाशी बसतो. हो, उभी बाटली. गावाकडच्यांना हसू येईल.

पण पैशापेक्षा मला पटलेलं कारण भावाच्या बायकोनं सांगितलं. म्हणाली, "भाऊजी, बाटली मोजता येते. तोटीचं कुणी मोजत नाही." खोक्यात संध्याकाळी किती होत्या आणि सकाळी किती उरल्या हे घरातल्या पोरालाही कळतं. केगला काच नाही, आकडा नाही, ग्लास अर्धा झाला की पुन्हा तोटी. नोकरी, एकटेपणा, थंडी, आणि गॅरेजमध्ये १९ लिटर. आपल्यातली किती माणसं यात गेली हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून केग घेणाऱ्यानंही वेगळी वही ठेवावी असं मला वाटतं, हसा हवं तर.

आता इकडचं, कारण तालुक्यातल्याच दोघांनी ऑनलाइन किट बघून मला विचारलंय. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे. पोलिसांच्या प्रेसनोटमधलं "कलम ६५ ई" आम्ही रोज छापतो, ते दारू बाळगण्या-विकण्याचं. त्याच कलमात मद्य तयार करणं, बाटलीत भरणं आणि तयार करायचं साहित्य-भांडी बाळगणं हेही येतं. म्हणजे इकडे बाटली की केग हा प्रश्नच नाही, बाटलीत भरलं तरी गुन्हा आणि भांडं ठेवलं तरी गुन्हा. किट उघड विकायला आहे म्हणून ते वापरायला परवानगी आहे, असं होत नाही.

हा कायदा बदलावा का? माझ्या मते थोडा. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत, म्हणजे ज्याच्याकडे भांडवल आहे तो परवाना काढून बिअर करू शकतो. मग घरच्या छोट्या घाण्याला नोंदणी, महिन्याला एकच घाणा, विक्री बंद, गाळणं बंद, एवढ्या अटींवर वाट द्यायला हरकत नसावी. आंबवणं आणि गाळणं एकाच काठीनं हाकण्यात काय अर्थ आहे?

पण गावात ज्या बाया मतदानाला उभ्या राहून आडवी बाटली करतात, त्या माझ्याशी भांडतील, आणि त्यांच्याकडे उत्तर आहे. दुकान बंद करता येतं, घरातली टाकी कोण बंद करणार? वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. तिथल्या घरांमध्ये या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं निघेल. म्हणून बदल करायचाच तर आधी त्यांना विचारून करा, मुंबईत बसून नको.

तोवर तालुक्यातल्या त्या दोघांना : खोकं अजून उघडलं नसेल तर परत पाठवा, रिटर्नची मुदत बघा. आणि ओहायो-टेक्सासवाल्यांनो, भरायच्या आदल्या रात्री बाटल्या धुवून ठेवा, त्याच दिवशी धुवायला घेतल्या तर मध्यरात्र होते.