पाणी अडले, वाटपाचे काय?

राज्यातील टंचाईग्रस्त तालुक्यांत गेल्या दहा-बारा वर्षांत मातीकाम उदंड झाले. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि त्याच वर्षापासून गावोगावी श्रमदानाच्या स्पर्धाही सुरू झाल्या. या उद्योगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या कामांचे अहवाल चाळू लागले की एक उणीव सतत खटकते. बंधारे किती बांधले, गाळ किती उपसला, साठवणक्षमता किती वाढली, हे त्यांत तपशिलाने दिलेले असते. अडलेले पाणी अखेर कोणाच्या शेतात गेले, याचा रकाना मात्र सहसा आढळत नाही.

वस्तुतः हा प्रश्न महाराष्ट्रात अर्ध्या शतकापूर्वीच विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तरही कृतीने दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात हिंडले. हजारो शेतकरी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. खडी फोडून पुढच्या वर्षी शेतात पाणी येणार नव्हते. १९७४ मध्ये त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतली, उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खोदली. पाणलोटाचे हे तंत्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. त्याची थोरवी सांगत बसण्याचे प्रयोजन नाही.

‘पाणी पंचायत’ या नावाने त्यातून जे नियम उभे राहिले, त्यांचे वेगळेपण मात्र अजून पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यावयाचा: दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. ज्याची वीस एकर आहे त्याची उरलेली जमीन जिरायतच राहील. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क खरेदीदाराकडे जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा मिळेल. ऊस लावता येणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा. निम्मा सरकारी अनुदानातून आणि उरलेला ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून.

उसावरील बंदी काहींना टोकाची वाटते. पण राज्यातील लागवडीच्या क्षेत्रापैकी चार-पाच टक्के क्षेत्रावरील हे एक पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा भाग पिऊन टाकते. तेवढ्याच पाण्यात ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला यांचे कितीतरी अधिक क्षेत्र भिजते. पाणी दुर्मिळ आणि जमीन मुबलक असेल, तर उत्पन्न एकरी न मोजता पाण्याच्या मापाने मोजले पाहिजे, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा आहे. तो आम्ही वर्गात शिकवतो आणि धोरण ठरविणारे परीक्षा संपताच विसरतात.

१८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचे पाणी व्यवहारात जमीनमालकाचेच मानले गेले. त्यामुळे गावाने श्रमदान करून ओढ्यात पाणी मुरवावे आणि ज्याची बोअर अधिक खोल त्याने ते उपसावे, असे घडते. अनेक शेततळी तर पावसाने न भरता विहिरीच्या पाण्याने भरली जातात. प्लॅस्टिकचे अस्तर असल्याने त्यांतून थेंबही पाझरत नाही, उन्हाने मात्र वाफ होते. सामाईक साठ्यातील पाणी खाजगी तळ्यात नेण्यास सरकारी अनुदान, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

सामाईक साधनसंपत्तीचा नाश अटळ असतो, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये प्रतिपादन केले होते. लोक आपापसांत नियम करून ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात सोदाहरण दाखविले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा वाद शिकविताना फळ्यावर मागणीची वक्ररेषा काढली असता दुष्काळी तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ज्याला जमीनच नाही त्याची मागणी या रेषेत कुठे आहे?” प्रस्तुत लेखकाला तिला नायगावचे उदाहरण द्यावे लागले, क्रमिक पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते.

नायगावचा प्रयोग सर्वत्र फळला असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. उपसा योजनांची वीजबिले, पंपांची दुरुस्ती, थकलेल्या वर्गण्या यांनी कित्येक योजना खिळखिळ्या केल्या. २००२ मध्ये साळुंखे यांचे निधन झाले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि पावसाच्या मानाने पिके ठरविण्याची शिस्त पाळली; पण तेथेही खंबीर नेतृत्वाचा भाग मोठा होता, आणि नेतृत्व काही अनुदानाने मिळत नाही. म्हणूनच नियमांना कायद्याचा आधार हवा. तो अर्धाच आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थांना मान्यता दिली, पण त्या जमीनधारकांच्या. भूमिहीनाला तेथे जागा नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडावयास लावला, मात्र ताळेबंदात तूट दिसली तर उपसा कोणी थांबवावयाचा, हे गावातील बलाबलावरच सोडले.

बंधाऱ्यासाठी निधी मागणाऱ्या ग्रामसभेकडून वाटपाच्या नियमांचा ठराव आधी मागावा: माणशी हक्क किती, भूमिहीनांचा वाटा कोणता, कोणती पिके वर्ज्य, नियम मोडल्यास काय. त्यासाठी नवे खाते काढावे लागत नाही. विरोध कोठून होईल हेही उघड आहे. ज्यांच्या विहिरी आज सर्वांत खोल आहेत, गावच्या सभेत त्यांचाच आवाज बहुधा सर्वांत मोठा असतो, आणि तालुक्याच्या कचेरीतही तोच आधी ऐकू जातो.