औषध आणि सोबत

19 एप्रिल 1943 रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत, आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतःच सिद्ध केलेल्या एलएसडी नामक द्रव्याची मात्रा प्रयोगादाखल घेतली. ती अवघी 250 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा होती. परंतु थोड्याच वेळात चित्त थाऱ्यावर राहीना, तेव्हा सहायिकेला बरोबर घेऊन ते सायकलवरून घरी निघाले. घरी दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना रंगीत मुखवटा चढवलेली चेटकीण भासली आणि आपणांस वेड लागले की काय, या भयाने ते व्याकूळ झाले. पुढे डॉक्टर आले, विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज त्यांना काहीच वावगे आढळले नाही. आणि भय ओसरत जाऊन हॉफमन यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे रंगाकृतींची अपूर्व आरास उलगडू लागली.

मनुष्य तोच, मात्रा तीच. तरीही नरक आणि नंदनवन एकाच संध्याकाळी. माझ्या मते, अशा भ्रमकारी द्रव्यांच्या गुणदोषांचे मर्म त्या संध्याकाळच्या सोबतीत आहे.

मेक्सिकोतील माझातेक समाजाच्या मारिया साबिना रोगनिवारणार्थ रात्रभर मंत्रगान करीत, विशिष्ट अळिंबे विधिपूर्वक देत असत. त्याच अळिंबांतून हॉफमन यांनी 1958 साली सायलोसायबिन वेगळे केले. आणि 2016 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कर्करोगाने जीव धोक्यात आलेल्या व मृत्युचिंतेने खचलेल्या 51 रुग्णांना ते दिले गेले, तेव्हा सहा महिन्यांनंतरही सुमारे 80 टक्के रुग्णांचे नैराश्य व चिंता लक्षणीय प्रमाणात उणावलेली आढळली. तेथे आधी रुग्णाची कसून पारख झाली होती आणि शांत खोलीत प्रशिक्षित सोबती दिवसभर त्याच्या उशाशी बसून होते, हे विसरून त्या आकड्यांचा डांगोरा पिटणे ही फसवणूक होय.

कारण ज्याच्या घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा विकार आहे, त्याची बुद्धी अशा द्रव्याने कायमची ढळण्याची भीती असते. लिथियमसारख्या औषधाशी गाठ पडल्यास झटके येऊ शकतात. आणि भ्रमाच्या भरात खिडकीलाच वाट समजणाऱ्याला आवरणारे कोणी नसेल, तर एक रात्र प्राणांवर बेतते. शिवाय अशा अवस्थेत रुग्ण इतका परस्वाधीन होतो की, सोबत करणाऱ्याच्या सचोटीची पारखही तितकीच कसोशीने व्हावयास हवी.

आपल्या देशात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये एक दशांश ग्रॅमहून अधिक एलएसडी बाळगणाऱ्यास किमान 10 वर्षांची सक्तमजुरी फर्मावली आहे, आणि तो बंदोबस्त रास्तच आहे. परंतु वैद्यकीय व शास्त्रीय कार्याचा अपवाद त्याच कायद्याने मान्य केला असता, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्याने पिचलेल्या रुग्णांसाठी आपल्या मानसोपचार संस्थांनी कडक देखरेखीखाली संशोधन हाती न घेणे, ही मात्र कर्तव्यच्युती ठरेल. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून केवळ अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांनाच सायलोसायबिन देण्याची मुभा दिली, हे तारतम्य आपणही अंगी बाणवावे.

गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा कोडाईकनालच्या डोंगरात कुणी अनोळखी हात एलएसडी भिनवलेला एखादा कागदाचा तुकडा वा मूठभर अळिंबे पुढे करील, तर तरुण वाचकहो, ती घेऊ नका. त्या हातात औषध असेलही, परंतु रात्रभर तुमच्या उशाशी बसण्याची जबाबदारी त्याने पत्करलेली नाही.