पंचवीस लिटरच्या आतला बॉयलर

इंदूरच्या विजय नगरातून या महिन्यात आलेल्या एका पत्रात असा प्रश्न आहे की त्याचे उत्तर एका वाचकाला देऊन भागणार नाही. पत्र लिहिणाऱ्यांनी ७६ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या नळीचा आडवा बॉयलर केला आहे. लांबी २० सेंटीमीटर, आत तीन फायरट्यूब, कामाचा दाब चौरस सेंटीमीटरला ४ किलो. एका सिलिंडरचे इंजिन कॉम्प्रेसरच्या हवेवर सुरेख फिरते. आता वाफ धरायची आहे, आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. त्याआधी त्यांनी विचारले आहे, ‘हा बॉयलर पास करून घ्यायला कुठल्या कचेरीत जायचे?’

कुठल्याही नाही. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यात २००७ साली जी दुरुस्ती झाली, तिने २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र बॉयलरच्या व्याख्येतून वगळले. जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही हीच मर्यादा कायम आहे. पत्रातला बॉयलर एक लिटरचाही भरत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे बॉयलर पाच लिटरच्या आतले. म्हणजे वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतींच्या ज्या छंदात आपण लेथवर शतांश मिलिमीटरचा हिशेब ठेवतो, त्यातल्या सर्वांत धोक्याच्या भागाकडे सरकारी निरीक्षक कधीच येणार नाही. कागद नाही, शिक्का नाही, तारीख नाही.

ही सूट वाचून बरे वाटणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. ४ किलो दाबाखाली पाणी साधारण १५२ अंशांवर उकळते. बॉयलर फाटला की दाब एका क्षणात वातावरणाइतका होतो, पण पाणी अजून १५२ अंशांवरच असते. ती जास्तीची उष्णता पाण्याचा जवळजवळ दहावा हिस्सा जागच्या जागी वाफ करून टाकते. एक लिटर पाण्यातून अशी दीडशे लिटरच्या आसपास वाफ निघते, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत. कायद्याच्या रेषेच्या जरा अलीकडचा, २४ लिटर पाणी धरणारा बॉयलर याच दाबावर फुटला, तर साडेतीन हजार लिटर. बाल्कनीत, गॅलरीत, मुले जमलेल्या अंगणात याचा अर्थ काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

घरचे, शेजारचे म्हणतात, ‘कुकरसारखेच तर आहे!’ तसे नाही. कुकर साधारण १ किलो दाबावर चालतो, शिटीचे वजन तो दाब सतत मोकळा करत असते आणि वर वितळणारा सेफ्टी प्लग असतो. शाळा-कॉलेजांच्या प्रदर्शनांत कुकरची शिटी काढून तिथे नळी जोडतात, नळीला कॉक बसवतात आणि टर्बाइनचे पाते फिरवून दाखवतात. शिटी काढली की कुकरचा रक्षकच काढला, आणि कॉक बंद केला की आतल्या दाबाला सेफ्टी प्लगखेरीज वाटच उरत नाही. अशा प्रकल्पाला मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना आमची हात जोडून विनंती आहे की हा प्रयोग बंद करावा.

आता विजय नगरच्या बॉयलरकडे येऊ. नळी कुठली निवडली, हे पत्रात लिहिले आहे: रुग्णालयांत ऑक्सिजनच्या लाइनला वापरतात ती. निवड उत्तम आहे. हे तांबे फॉस्फरस घालून प्राणवायूमुक्त केलेले असते, त्यामुळे ब्रेझिंगच्या ज्वालेत ठिसूळ होत नाही. विजेच्या बसबारचे तांबे शुद्ध असले तरी त्यात प्राणवायूचा अंश असतो. हायड्रोजन असलेल्या ज्योतीत ते आतून तडकू शकते, आणि ती तडक डोळ्याला दिसत नाही. भंगारातून तांबे घेणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे.

नळीची जाडी दीड मिलिमीटर आहे. ४ किलो दाबाला तिच्या भिंतीत चौरस मिलिमीटरला सुमारे १ किलो ताण येतो. तापवून मऊ झालेले तांबे साधारण २० किलोंवर तुटते, आणि तापमानासाठी, सांध्यांसाठी, झिजेसाठी सढळ हाताने सूट धरली तरी नळीला काही होत नाही. बॉयलर सहसा नळीत फाटत नाही, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे; पण दोन टोकांच्या सपाट तबकड्यांवर किती भार येतो, याचे गणित फार थोडे जण मांडतात. इथे प्रत्येक एंड प्लेटवर १७० किलोंच्या आसपास भार आहे. दुप्पट दाबाच्या चाचणीत तो साडेतीनशेच्या जवळ जाईल. सपाट पत्रा दाबाखाली फुगायलाच बघतो. त्याला आतून धरणारे स्टे हवेत, फ्लँज नळीत नीट बसणारी हवी आणि फायरट्यूब दोन्ही टोकांना चांदीच्या ब्रेझिंगने पक्क्या हव्यात. पत्रासोबतच्या आराखड्यात स्टे दाखवलेला नाही. बॉयलर पेटवण्याआधी तो बसवावा, असे उत्तर आम्ही वेगळे पाठवले आहे.

आपल्या सर्वांत जास्त चुका सांध्यांत होतात, आणि त्याचे कारण आपला बाजार. इंदूरच्या सियागंजात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, ब्रेझिंगची कांडी मागितली की दुकानदार फ्रिज-एसीवाल्यांची फॉस्फरस-तांब्याची कांडी पुढे करतो. तांब्यावर ती फ्लक्सशिवाय वाहते, स्वस्त पडते, सांधा देखणा येतो. पण धुरात गंधक असेल तिथे हा सांधा हळूहळू खाल्ला जातो. कोळशाच्या आगीवर चालणाऱ्या बॉयलरसाठी ती कांडी वापरू नये, आणि आमच्या मते कुठल्याच बॉयलरसाठी वापरू नये, कारण आज स्पिरिटवर चालणारा बॉयलर उद्या विकला जाऊन कोळशावर चालवला जाणार नाही, याची हमी कोण देणार? ४५ किंवा ५५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली कांडी घ्यावी. चांदीचा भाव पाहता ती महाग वाटेल, पण एका लहान बॉयलरला लागते किती? कॅडमियमवाली कांडी स्वस्त मिळाली तरी तिचा धूर विषारी असतो. बंद खोलीत तिने ब्रेझिंग करणे म्हणजे स्वतःच्या फुप्फुसांवर घाव घालणे. साध्या कथलाच्या सोल्डरचा तर विचारही नको. १८३ अंशांच्या आसपास ते पातळ होते; पाणी कमी झाले आणि सांधा कोरडा पडला की संपलेच.

बुश पितळेचे नकोत, ब्राँझचे हवेत. गरम पाण्यात काही वर्षांनी पितळेतले जस्त निघून जाते आणि आटे भुसभुशीत होतात. वरून सारे चकचकीत दिसते आणि पाना लावताच तुकडा हातात येतो. सेफ्टी व्हॉल्व्हही हवेच्या कॉम्प्रेसरचा नको. त्यातली रबरी बैठक वाफेत टिकत नाही, आणि बाजारात मिळणारा नग बहुधा आपल्या कामाच्या दाबाच्या दुपटीवर बांधलेला असतो.

कायद्याची सूट असलेल्यांनी स्वतःवर शिस्त कशी लादून घ्यावी, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर होते: रेल्वेचे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि १८७० च्या दशकात मीटरगेजची लाइन नर्मदा ओलांडून, कालाकुंड-पाताळपाणीचा चाळीसास एक चढाचा घाट चढून इंदूरला आली. हत्तींनी इंजिन ओढून आणल्याची गोष्ट इथल्या जुन्या घरांत अजून सांगतात. आपल्यापैकी अनेकांनी प्रतिकृतीसाठी याच लाइनवरची इंजिने निवडली. १९२३ च्या कायद्यातच रेल्वेचे बॉयलर वगळण्याची तरतूद होती. म्हणून रेल्वेने तपासणी सोडली का? तिने स्वतःचे बॉयलर इन्स्पेक्टर नेमले. ठरलेल्या मुदतीला बॉयलर धुतला जाई, स्टे ठोकून पाहिले जात, पाण्याच्या दाबाखाली चाचणी होई आणि त्याची नोंद राही. महूच्या लोको शेडमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला विचारा, नोंद नसलेल्या इंजिनावर तो चढला असता का!

या देशात बॉयलरच्या तपासणीचा कायदा आला तोच मुळी अपघातामागून. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे गेली आणि १८६४ मध्ये बंगालने कायदा केला. लहान बॉयलरच्या बाबतीत आपण तशी वाट पाहायची आहे का? एका घरात अपघात झाला तर दुसऱ्या दिवशी कायद्याची रेषा २५ लिटरवरून खाली येईल, आणि मग हा छंद खरोखरच कचेऱ्यांच्या फेऱ्यांत अडकेल. पण तो मुद्दा दुय्यम. आधी मुद्दा त्या घरातल्या माणसांचा.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या क्लबांनी हे काम आपल्या हाती घेऊन काळ लोटला. तिथे छोट्या बॉयलरसाठी लिखित चाचणी-संहिता आहेत, क्लबने नेमलेला तपासनीस असतो, आणि कितीही मुरलेला कारागीर असला तरी त्याला स्वतःचा बॉयलर स्वतः पास करता येत नाही. चाचणीचा दाखला नसलेले इंजिन क्लबच्या रुळांवर उतरत नाही. या साऱ्या व्यवस्थेत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती दुसऱ्या माणसाची अट. ज्याने सहा महिने खपून बॉयलर घडवला, त्याला तो चांगलाच दिसणार. सांध्यातला ओलावा त्याला घाम वाटतो आणि प्लेटचा फुगवटा उजेडाचा खेळ.

चाचणीला लागते काय? प्लंबर पाइपलाइन दाबून पाहायला वापरतात तो हातपंप, आणि खात्रीचा गेज. सांवेर रोडवर किंवा पीथमपूरला कारखान्यात नोकरी करणारा एखादा मित्र प्रत्येकाला असतोच; आपला गेज तिथल्या तपासलेल्या गेजशी एकदा ताडून घ्यावा. सारे बुश डाटे लावून बंद करावेत, बॉयलर काठोकाठ पाण्याने भरावा आणि वरच्या बुशमधून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबावे. दाब टप्प्याटप्प्याने वाढवत कामाच्या दाबाच्या दुपटीवर न्यावा. अर्धा तास तो ढळता कामा नये. चाचणीपूर्वी, दाबाखाली आणि दाब उतरल्यावर एंड प्लेटवर सरळ पट्टी धरून पाहावे. दाब उतरल्यावर प्लेट मूळ जागी आली नाही, तर तो बॉयलर कपाटात ठेवायचा, पेटवायचा नाही. ब्रेझिंगवरचा एखादा बारीक पाझर पुन्हा तापवून दुरुस्त करता येतो, पण त्यानंतर चाचणी पहिल्यापासून घ्यायची.

ही चाचणी हवेने कधीही घेऊ नये. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी लावून ८ किलो भरणारे आणि साबणाच्या फेसाने गळती शोधणारे लोक आम्हाला माहीत आहेत. दाबलेले पाणी फट सापडताच गळते आणि दाब शून्यावर येतो. दाबलेली हवा तांब्याचे तुकडे फेकते.

पाण्याच्या चाचणीनंतर वाफेची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यावी. स्टॉप व्हॉल्व्ह बंद, आग पूर्ण, आणि एकटा सेफ्टी व्हॉल्व्ह वाफ बाहेर टाकतो आहे. दाब कामाच्या दाबापेक्षा दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये. विजय नगरच्या बॉयलरला ४.४ किलोच्या वर नाही. गेला, तर व्हॉल्व्ह लहान आहे. स्प्रिंग सैल करून हा दोष जात नाही. भोक मोठे करावे लागते किंवा दुसरा व्हॉल्व्ह जोडावा लागतो. वाफेची चाचणी दर वर्षी घ्यावी, आणि पाण्याची चाचणी दीडपट दाबावर दर चार वर्षांनी.

एवढे सांगून थांबलो तर हा लेख वाचून बाजूला ठेवला जाईल. म्हणून मासिकापुरता एक नियम आम्ही करत आहोत. पुढच्या अंकापासून वाफेवर चालणाऱ्या कुठल्याही प्रतिकृतीचे छायाचित्र वा वर्णन चाचणीच्या नोंदीशिवाय छापले जाणार नाही. नोंदीत बॉयलरची क्षमता, कामाचा दाब, चाचणीचा दाब, तारीख, आणि चाचणी घेणाऱ्या दुसऱ्या माणसाची सही हवी. नोंदीचा कोरा तक्ता याच अंकात शेवटच्या पानावर दिला आहे. ज्यांच्याकडे हातपंप आणि खात्रीचा गेज आहे, आणि जे आपल्या गावातल्या इतरांचे बॉयलर तपासायला तयार आहेत, त्यांनी आम्हाला कळवावे. त्यांच्या संमतीने गावांची यादी छापू. इंदूरच्या वाचकांसाठी संपादकीय मंडळाने एक हातपंप घेतला आहे. तो मागेल त्याला मिळेल.