'सार्वजनिक प्रयोजन' कोणाचे?

मालमत्तेचा हक्क म्हणजे धनिकांचा हक्क, हे समीकरण आपल्या सुशिक्षित वर्गाने इतकी वर्षे घोकले आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरज कोणालाच भासत नाही. कोलकात्यात तर हे मत हवेतच आहे आणि येथील मराठी मंडळीही त्याच हवेत वाढली आहेत. कोणी या हक्काची बाजू घेतली की, तो भांडवलदारांचा भाट ठरतो. आम्हांस हे समीकरण मुळातच खोटे वाटते. आणि ते खोटे ठरविणारा पुरावा महाराष्ट्र, बंगाल व अमेरिका या तिघांनीही पुरविला आहे.

आधी घरची साक्ष काढू. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी पेट्यातले मावळे सत्याग्रहास उभे राहिले. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने त्यांची भातखाचरे घेतली जात होती. सत्याग्रही धनिक नव्हते. धनिक समोरच्या बाजूस होते आणि सरकार त्यांच्या पाठीशी होते. सत्याग्रह फसला, धरण झाले. पुढे ८५ वर्षांनी, २००६ साली, हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे टाटांच्याच मोटार कारखान्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन घेण्यात आली, तीही त्याच १८९४ च्या कायद्याने. मधल्या काळात साहेब गेला, संविधान आले, बंगालवर शेतकऱ्यांचा कैवार सांगणाऱ्या डाव्या आघाडीचे राज्य आले. शेतकऱ्याच्या मानेवरचे जू मात्र तेच राहिले.

ते राहिले, कारण ते उतरविण्याचे साधन आपण आपल्याच हाताने मोडले. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींसाठी पश्चिम बंगाल सरकारने १९४८ साली कायदा केला. जमिनीचा मोबदला ३१ डिसेंबर १९४६ च्या बाजारभावाहून अधिक नसावा, अशी त्यात मेख होती. निर्वासितांना निवारा हवा, याविषयी कोणाचे दुमत असेल? प्रश्न एवढाच की, सर्व समाजाच्या पुण्यकर्माचा खर्च एकट्या शेजाऱ्याच्या खिशातून का काढावा? डिसेंबर १९५३ मध्ये बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मोबदला म्हणजे गेलेल्या वस्तूचे न्याय्य मोल, असा निर्वाळा देऊन ती मेख उपटली. सरकारने उत्तर दिले ते १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने: मोबदला पुरेसा आहे की नाही, हे न्यायालयाने पाहूच नये! १९७१ मध्ये 'मोबदला' हा शब्दही गेला आणि त्या जागी 'रक्कम' आली. शेवटी १९७८ मध्ये, आणीबाणीनंतर स्वातंत्र्याच्या नावाने निवडून आलेल्या जनता सरकारनेच हा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. गिरणीमालकाची खोड जिरली, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण गिरणीमालकाजवळ वकील असतात, मंत्र्यांशी परिचय असतो. हक्क गेला तरी त्याचे अडत नाही. दोन बिघ्यांच्या धन्याजवळ हक्कावाचून दुसरे काय असते?

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. हा रोग तेथेही आहे. १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने तेथे असे बंधन घातले की, खासगी मालमत्ता घ्यायची ती सार्वजनिक उपयोगासाठी व न्याय्य मोबदला देऊनच. पुढे न्यायालयांनी 'उपयोग' हा शब्द 'प्रयोजन' असा वाचला आणि दार सताड उघडले. न्यू लंडन शहराने सुझेट केलो या परिचारिकेचे घर घेतले, ते रस्त्यासाठी नव्हे, तर खासगी विकासकांकडून परिसराचा कायापालट करवून कर वाढविण्यासाठी. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या व्यक्तिस्वातंत्र्यवादी संस्थेने तिचा खटला लढविला. २००५ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती हरली. कायापालट झाला नाही; ती जागा कित्येक वर्षे ओसाड पडून राहिली. मात्र लोकक्षोभ असा उसळला की, चाळीसहून अधिक राज्यांनी आपले कायदे बदलले. तेथे हरलेल्या परिचारिकेने कायदा हलविला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

यावर विचारले जाते, एक शेतकरी आडवा बसला तर रस्ते, लोहमार्ग, कालवे व्हायचे कसे? सरकारच नको म्हणणारे काही व्यक्तिस्वातंत्र्यवादी आहेत. त्यांच्या पंगतीला आम्ही बसत नाही, आमची मीठभाकर सरकारचीच आहे. सर्वांना ज्याचा वापर करता येतो अशा रस्त्यासाठी सरकारने योग्य मोल देऊन जमीन अवश्य घ्यावी. परंतु एका खासगी माणसाची जमीन काढून दुसऱ्या खासगी माणसाला देणे, हे सरकारचे काम नव्हे. कारखानदाराला जमीन हवी असेल, तर त्याने ती बाजारात खरेदी करावी आणि 'नाही' हे उत्तरही ऐकून घ्यावे. २०१३ च्या कायद्याने खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली, हे ठीकच झाले. पण उरलेल्या वीस जणांच्या नकाराची किंमत अजून शून्यच आहे.

सरकारी कचेरीतल्या आमच्यासारख्या कारकुनांना 'सार्वजनिक प्रयोजन' या शब्दांचे वजन ठाऊक असते. टिपणात ते लिहायला क्षणभर पुरतो. एकदा लिहिले की, पुढच्या प्रत्येक टेबलावर ते तसेच उतरवले जातात. खोडणारा मात्र उशिरा भेटतो. कारखाना २००८ सालीच गुजरातेत गेला. सिंगूरचे संपादन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते २०१६ साली, आणि तेव्हाही ते प्रयोजन सार्वजनिक होते की नाही, यावर दोन न्यायमूर्तींत मतभेद राहिलाच. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेविरुद्धच्या एका निकालात त्याच न्यायालयाने या हक्काची सात अंगे सांगितली. नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय ही त्यांतली पहिली तीन. निकाल स्वागतार्ह आहे. पण जो हक्क मूलभूत नाही, तो साध्या कायद्याच्या आधारे काढून घेता येतो, ही गोष्ट त्याने बदललेली नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. १९७८ साली काढलेला हा हक्क मूलभूत हक्कांत परत यावा आणि सार्वजनिक प्रयोजनाची व्याख्या संविधानातच बांधून द्यावी. ज्यांना हा धनिकांचा कैवार वाटतो, त्यांनी मुळशीचे धरण आणि सिंगूरची शेते एकदा पाहून यावीत आणि तेथे कोणत्या धनिकाची जमीन गेली, ते आम्हांस सांगावे.