नाताळची पेटी : मराठवाड्यातील ख्रिस्ती भजन कोणाचे?

डिसेंबर उजाडला की समाजमाध्यमांवर एक वाद ठरल्याप्रमाणे रंगतो. नांदेड-लातूरकडील एखाद्या चर्चची चित्रफीत फिरू लागते : पेटी, ढोलकी, टाळ आणि अभंगाच्या चालीवर येशूजन्माचे गीत. खाली दोन प्रकारचे शेरे असतात. कोणी म्हणते, ही आमच्या भजनाची चोरी. कोणी तरुण ख्रिस्ती म्हणतो, हे जुनाट झाले, आता कीबोर्ड आणि गिटारच हवी. माझ्या मते दोघांचीही इतिहासाशी ओळख अपुरी आहे. म्हणून हा धागा.

आरंभ गोमंतकापासून करू. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज. तेथेच फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या! पुराणश्रवणाची गोडी असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांपुढे त्याच छंदात नवी कथा ठेवावी, हा हेतू उघड आहे. तो धर्मप्रसाराचाच हेतू होता. लपवण्याचे कारण नाही. मात्र त्याच पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, हेही विसरू नये.

मराठवाड्याची कथा निराळी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत उभारली. पश्चिमेला अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन, पूर्वेला बिदर-हैदराबादकडील मेथॉडिस्ट. उदगीर तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे या सीमेवरील कानांना मराठी अभंगाइतकीच तेलुगू ख्रिस्ती कीर्तनाची चालही परकी नव्हती.

या साऱ्यात निर्णायक नाव नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे शंभराहून अधिक मराठी उपासनागीते रचली. ती आजही प्रॉटेस्टंट चर्चांच्या 'उपासना संगीता'त आहेत. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही त्यांची भूमिका होती. आता 'चोरी'च्या आरोपाचा विचार करा. अभंग ज्याच्या रक्तात मुरलेला, त्याने धर्म बदलताना तो बरोबर नेला. स्वतःच्या घरातली वस्तू नेण्याला चोरी म्हणत नाहीत. शिवाय हे मिशनऱ्यांच्या सांगण्यावरून झाले असे मानणाऱ्यांनी १९१७ हे वर्ष लक्षात ठेवावे : त्या वर्षी टिळक मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला. विलायती साच्याबाहेरची ख्रिस्तभक्ती त्यांना हवी होती. १९१९ मध्ये ते वारले.

कॅथलिकांकडे बदल उशिरा आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला मोकळीक दिली. त्यापूर्वी मिस्सा लॅटिनमध्येच चाले.

आता दुसऱ्या शेऱ्याकडे. ज्या पेटीला आपण अस्सल देशी समजतो, ती हार्मोनियम १८४२ साली पॅरिसमध्ये दबेन यांच्या नावे नोंदली गेली. बैठक मारून वाजवण्याजोगे तिचे रूप कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी घडवले. 'परकी' म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले होते! आज त्याच पेटीवाचून ना नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील कीर्तन, ना पंढरीच्या वाटेवरील गावांतले भजन, ना चर्चमधला पाळणा. तेव्हा उद्या कीबोर्डही इथलाच होईल, त्याला माझी हरकत नाही.

हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. कीबोर्डसोबत तयार ट्रॅक येतो, आणि ट्रॅकसोबत चाल गोठते. वस्तीवरची भजनी मंडळी रात्रभर घरोघर फिरून गात, तेव्हा एकच गीत दोन गावांत दोन चालींवर म्हटले जाई. त्या चाली छापील पुस्तकात नाहीत. पुस्तकात केवळ शब्द असतात. चाल राहते ती कोणा आजीच्या गळ्यात किंवा शाईने लिहिलेल्या वहीच्या समासात, 'अमुक भजनाप्रमाणे' एवढ्याच खुणेत.

येत्या नाताळात नांदेडला, लातूरला किंवा उदगीरला जाणार असाल, तर उपासनेनंतर थांबा. ज्येष्ठांची परवानगी घेऊन वही पाहा, मोबाइलवर चाल ध्वनिमुद्रित करा. ती कोणाकडून शिकलात, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, हे तीन प्रश्न विचारायला विसरू नका. फाइलच्या नावात गावाचे नाव घाला.