पावसाळ्याआधी लेकरांना फ्लूची लस द्या : रेणापूर तालुक्यातील पालकांना जाहीर आवाहन

रेणापूर तालुक्यातील सर्व आई-बाप, आजी-आजोबा, आशाताई, अंगणवाडीताई आणि शिक्षक बंधू-भगिनींनो,

गेले काही दिवस गावोगावच्या मोबाईल गटांवर एक मजकूर फिरतो आहे. फ्लूची लस म्हणजे औषध कंपन्यांचा धंदा, लेकरांना ताप आलाच पाहिजे, त्यानंच अंग घट्ट होतं, काढा पाजा आणि निवांत राहा, असा त्याचा सूर आहे. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, कशाचा आधार नाही. तरी शिकलेली, नोकरीवाली माणसं तो एका गटातून दुसऱ्या गटात ढकलत आहेत, आणि सहा-आठ महिन्यांची बाळं घरात असलेल्या आया तो वाचून लस पुढं ढकलत आहेत. याचा आम्हाला संताप आला आहे आणि तो आम्ही लपवत नाही. पल्स पोलिओच्या रविवारी उन्हातान्हात बूथवर बसणारी, राहिलेलं घर शोधून लेकराच्या तोंडात दोन थेंब टाकणारी माणसं याच तालुक्यातली आहेत. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात आपल्या पानगाव, खरोळा, कारेपूर, पोहरेगावच्या ताईंचाही वाटा आहे. त्याच तालुक्यानं आता निनावी मजकुरावर लेकरांच्या तब्येतीचा निर्णय घ्यावा, हे आम्हाला मान्य नाही.

सगळं नडतं ते 'साधा सर्दी-ताप' या दोन शब्दांपाशी. सर्दी शेकडो विषाणूंनी होते आणि बहुतेक वेळा आपोआप जाते. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा हा वेगळा आजार आहे, आणि स्वाइन फ्लू हा त्याचाच एक प्रकार. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्याच राज्यात, पुण्यात झाला, आणि ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. तेव्हा शाळा बंद झाल्या, मास्कसाठी रांगा लागल्या, आणि साथ ओसरल्यावर आपण सगळे ते विसरलो. विषाणू मात्र कुठं गेला नाही. २०१५ साली महाराष्ट्रात स्वाइन फ्लूचे साडेआठ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि ९०५ माणसं दगावली. २०१७ साली पुन्हा सहा हजारांवर रुग्ण आणि ७७८ मृत्यू. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ नावाचा दुसरा प्रकार देशभर पसरला आणि पुदुच्चेरी सरकारला आठवीपर्यंतच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हे आकडेही फक्त तपासणी झालेल्यांचे आहेत. आपल्याकडं तापानं फणफणलेल्या लेकराच्या घशातला नमुना कोण घेतो? ते गावातल्या दवाखान्यात जातं, सलाईन लागतं, जास्त झालं तर लातूरला नेलं जातं, आणि कागदावर 'न्यूमोनिया' एवढंच लिहिलं जातं. त्यामुळं 'आमच्या गावात फ्लू नाही' या म्हणण्याला काही अर्थ नाही. जे तपासलंच नाही ते नाही, असं कसं म्हणणार? जगभरच्या माहितीवरून शास्त्रज्ञांनी केलेला अंदाज असा, की २०१८ या एका वर्षात पाच वर्षांखालच्या सुमारे अकरा कोटी मुलांना फ्लू झाला, जवळपास नऊ लाख मुलं त्यापायी दवाखान्यात दाखल झाली, आणि दवाखान्यात दगावलेल्यांपैकी दर पाचातली चार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. लहान लेकराची श्वासनळी अरुंद असते, थोडी सूज आली तरी दम लागतो. मोठ्या माणसाच्या शरीराला फ्लूची जुनी ओळख असते, बाळाला ती नसते. फ्लूनं फुप्फुस कमजोर झालं की मागून जिवाणूंचा न्यूमोनिया येतो, आणि जीव बहुतेक तिथंच धोक्यात येतो.

'आमचं लेकरू धडधाकट आहे, त्याला कशाला?' हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. अमेरिकेत फ्लूनं गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद होते. २०२४-२५ च्या हंगामात तिथं किमान २८० मुलं गेली. २००४ पासून नोंद ठेवली जाते आहे, आणि मोठ्या जागतिक साथीचं वर्ष सोडलं तर हा सगळ्यात मोठा आकडा आहे. यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना आधीचा कुठलाही आजार नव्हता. आणि लस घेण्याच्या वयातली, ज्यांची माहिती मिळाली अशी जी मुलं होती, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांनी लस पूर्ण घेतलेली नव्हती. अतिदक्षता विभाग आणि मोठमोठी यंत्रं असलेल्या देशात हे घडतं. आपल्या तालुक्यात रात्री दोन वाजता लेकराला धाप लागली तर लातूरला न्यायला गाडी शोधण्यापासून तयारी असते. उपचार जितका लांब, तितकी आधी घेतलेली खबरदारी मोलाची, हा आमच्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे. शहरातल्या पालकानं लस टाळली तर त्याच्या हाताशी दुसरा उपाय आहे. खेड्यातल्या पालकाच्या हाताशी तो नाही, म्हणून लसीची गरज खेड्याला अधिक आहे.

आता लस किती उपयोगी पडते ते. ती शंभर टक्के वाचवते असं आम्ही म्हणणार नाही, कारण तसं नाही. कॉक्रेन ही संस्था औषध कंपन्यांचा पैसा घेत नाही आणि जगभरचे प्रयोग एकत्र तपासते. तिनं २०१८ साली सांगितलं, की दोन ते सोळा वर्षांच्या मुलांत लस न घेतलेल्या शंभरांपैकी तीसजणांना फ्लू होतो, टोचायची लस घेतलेल्यांत तो अकरांना होतो. त्याहून लहान, सहा ते पस्तीस महिन्यांच्या बारा हजार बाळांवर तेरा देशांत प्रयोग झाला. तो लस बनवणाऱ्या कंपनीच्याच खर्चानं झाला होता, हेही सांगून टाकतो. त्यात फ्लू निम्म्यानं कमी झाला आणि मध्यम ते तीव्र आजार साठ टक्क्यांहून जास्त घटला. आपल्या देशात हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत, आपल्यासारख्याच गावांत, सहा महिने ते दहा वर्षांच्या मुलांना लस देऊन पाहिलं, तेव्हा पहिल्या वर्षी पंचवीस टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्या वर्षी चाळीस टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं. हा आकडा कमी आहे, आणि तो दाबून ठेवला असता तर आमच्यात आणि त्या निनावी मजकूरवाल्यात फरक उरला नसता. पण याचा अर्थ काय होतो ते पाहा. अगदी वाईट वर्षातही, शंभर लेकरांना फ्लू होणार होता तिथं पंचवीस लेकरं वाचली. 'लस घेऊनही ताप आला' असं सांगणारा माणूस त्या पंचवीस लेकरांकडं बघत नाही, कारण न आलेला ताप कुणाला दिसत नाही. शिवाय लस घेतलेल्या वर्षी दुसऱ्या एखाद्या विषाणूनं सर्दी होणारच. ती सर्दी लसीच्या नावावर टाकू नका.

बाकीचे आक्षेप झटपट निकाली निघतात. लसीनंच फ्लू होतो म्हणे. टोचायच्या लसीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यातून आजार होणं शक्य नाही. एक-दोन दिवस कणकण येते, टोचलेली जागा दुखते, एवढंच. दरवर्षी कशाला? कारण विषाणू रूप बदलतो, जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते प्रकार घालायचे ते सांगते, आणि जुन्या लसीचा जोरही वर्षभरात ओसरतो. लसीनं हातपाय लुळे पडतात, असं म्हणणारे जानेवारी २०२५ मधल्या पुण्याच्या जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम) साथीचा दाखला देतात. त्या साथीचं नातं दूषित पाण्याशी आणि पोटाच्या जंतूंशी होतं, लसीशी नव्हतं. फ्लूच्या लसीनंतर हा आजार झालाच तर दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो, आणि खुद्द फ्लू झाल्यानंतरही तो होऊ शकतो. काढ्याबद्दल भांडण नाही, मोठ्या माणसांनी खुशाल प्यावा, पण तो फ्लू थांबवतो याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही.

'इतकी गरजेची असती तर सरकारनं फुकट दिली नसती का?' या आक्षेपात मात्र दम आहे, आणि आमची खरी तक्रार इथंच आहे. ही लस राष्ट्रीय लसीकरणाच्या यादीत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला ती दरवर्षी द्या म्हणून सांगते. आपलं राज्य सरकार गरोदर बायांना आणि मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत देत आलं आहे, म्हणजे लस कामाची आहे हे सरकारला पटलेलं आहे. मग पाळण्यातल्या बाळानं काय घोडं मारलं? यादीत नाही म्हणजे गरज नाही, असं तर मुळीच नाही. रोटाव्हायरसची लस महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात २०१९ साली आली, न्यूमोनियाची पीसीव्ही २०२१ साली. त्याआधी ज्यांची ऐपत होती ते हजारो रुपये मोजून त्या घेत होते आणि गरिबाचं लेकरू तसंच राहत होतं. २०२१ च्या आदल्या वर्षी पीसीव्ही बिनकामाची होती आणि नंतर एकदम कामाची झाली, असं कुणी म्हणेल का? आज खासगी दवाखान्यात फ्लूच्या एका डोसला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात, आणि पहिल्या वर्षी दोन डोस लागतात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि बाजारात तेवढाही ज्याच्या हातात पडला नाही, त्या घराला चार हजार म्हणजे जवळजवळ पोतं-दीड पोतं सोयाबीन. हे आम्हाला कळतं. ज्याला खरोखर झेपत नाही त्याला आम्ही दोष देत नाही. पण वाढदिवसाला केक, मंडप आणि डीजे लावणाऱ्यांनी 'लस महाग आहे' म्हणू नये. आणि दर पावसाळ्यात चार-चार वेळा मेडिकलवरून खोकल्याच्या बाटल्या आणि अँटिबायोटिक आणणाऱ्यांनी तो खर्च एकदा बेरीज करून पाहावा. अँटिबायोटिक फ्लूवर चालत नाही. खोकल्याच्या बाटलीचं तर ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्यांनी वाचलं : छिंदवाडा भागात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल असलेलं औषध पिऊन वीसहून अधिक लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती गेली, कित्येकांनी नागपूरच्या दवाखान्यांत प्राण सोडला. दोन वर्षांखालच्या मुलांना असली औषधं देऊच नका असं केंद्र सरकारनं तेव्हा बजावलं. तपासलेल्या लसीची भीती आणि चिठ्ठीशिवाय आणलेल्या बाटलीवर विश्वास, हे उलटं झालं आहे.

आता काय करायचं ते. आपल्याकडं फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर असतो, छोटा जानेवारी ते मार्च. जूनच्या मध्यात शाळा-अंगणवाड्या भरतात. लसीचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात आणि पहिल्यांदा घेणाऱ्या नऊ वर्षांखालच्या मुलाला चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे पहिला डोस आत्ताच, एप्रिल संपायच्या आत. डॉक्टरांना चालू वर्षाची लस आहे का ते विचारा, बाटलीवरची मुदत बघा, ती फ्रीजमधूनच काढली आहे ना ते डोळ्यानं पाहा, लसीकरणाच्या कार्डावर तारीख लिहून घ्या. लेकराला जोराचा ताप असेल तर बरं होईपर्यंत थांबा. आधी कुठल्या लसीनं अंगावर जोरात उठलं असेल, दम लागला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला वाचवायचं तर आईनं गरोदरपणी घ्यावी, ती सरकारी दवाखान्यात मागा, आणि घरातल्या खोकणाऱ्या माणसानं बाळाचे मुके घेणं बंद करावं. दमा, हृदयाचा आजार, सिकलसेल असलेल्या लेकरांना पहिला मान. पैसे थोडेच असतील तर दोन वर्षांखालच्या लेकरापासून सुरुवात करा. आणि लस दिली असो वा नसो, तापात बाळ मिनिटाला पन्नासहून जास्त वेळा, वर्षावरचं मूल चाळीसहून जास्त वेळा श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध-पाणी घेत नसेल, झापड आली असेल, झटका आला असेल, तर अंगावर काढू नका, अंगारा लावून वाट पाहू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. फ्लूवरची ऑसेल्टामिविर ही गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तरच पुरती उपयोगी पडते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या आणि कारखान्यावर येणाऱ्या टोळ्यांची लेकरं मात्र या कुठल्याच हिशेबात येत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च ती कोपीत, थंडीत, एका पांघरुणात चौघं झोपतात, आणि फ्लूची हिवाळी लाट नेमकी तेव्हाच येते. त्यांच्या आई-बापांना चार हजार खर्च करा म्हणून सांगायला आमची जीभ रेटत नाही. ती जबाबदारी साखर कारखान्यांची, मुकादमांची आणि शासनाची आहे. गाळप हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांनी आपल्या तळावर या मुलांसाठी लसीचं शिबिर घ्यावं, तेवढा खर्च त्यांना जड नाही.

म्हणून शेवटची आणि सर्वांत तातडीची गोष्ट. १ मे रोजी ग्रामसभा आहे. प्रत्येक गावातून एक ठराव झाला पाहिजे : सहा महिने ते पाच वर्षांच्या सर्व मुलांना फ्लूची लस शासनानं मोफत द्यावी, आणि तोवर निदान आजारी, कुपोषित आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जिल्हा परिषदेनं निधी काढावा. आयांनी स्वतः उभं राहून ठराव मांडावा, सरपंचांनी इतिवृत्तात लिहून घ्यावा. रेणापूर शहरातल्या पालकांनी हेच निवेदन आपल्या प्रभागाच्या सदस्याकडून नगरपंचायतीत द्यावं. ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि एक आमदारांना पोचवून पोच घ्या. आमचे कार्यकर्ते गावोगाव येत आहेत, ठरावाचा मसुदा त्यांच्याजवळ आहे. ते आले की शंका विचारा, हवा तेवढा वाद घाला, पण लसीकरणाचं कार्ड हातात घेऊन बसा.