शाल नको, श्रोते द्या

आषाढ पौर्णिमा आली की बीड जिल्ह्यातल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन सुरू होतं. आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. अक्षरओळख नसलेल्या आज्यासुद्धा पांढरी साडी नेसून वेळेवर येऊन बसतात. म्हणजे ऐकणारी माणसं आहेत, जागा आहे, वेळ ठरलेली आहे. मग याच जिल्ह्यात आपल्यातल्या कुणी कथासंग्रह काढला तर त्याला वीस श्रोते का मिळत नाहीत?

कार्यक्रम कसे होतात ते आम्ही दरवर्षी पाहतो. लेखक स्वतःच्या खिशातून पाचशे प्रती छापतो. जयंतीच्या स्टेजवर प्रकाशन होतं. पाहुण्यांच्या हातात पुस्तक, एक फोटो, लेखकाच्या खांद्यावर शाल. पाहुणे पाऊण तास बोलतात, त्यात पुस्तकातलं एक पात्र येत नाही. लेखकाला दोन मिनिटं, कारण डीजेवाला खोळंबलेला असतो. पुढे महिनाभर "सर, एक प्रत द्या की भेट" चालू. डीजेला रोख मोजणारे आपण, दीडशे रुपयांचं पुस्तक मात्र फुकट मागतो.

यावर काही कार्यकर्त्यांचं ठरलेलं उत्तर असतं : कथा-कादंबऱ्यांत काय ठेवलंय, वैचारिक वाचा. बाबासाहेबांचे खंड वाचलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला जे कॉलेज सुरू केलं, त्याच मिलिंदमध्ये १९५५ साली म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' नाटक झालं आणि ते त्यांनी समोर बसून पाहिलं. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटक अण्णा भाऊ साठे होते, कथा-कादंबऱ्या लिहिणारा माणूस. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा. त्या कथांनी जे केलं ते शंभर ठरावांनी झालं नसतं. आणि गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' चालवलं, त्याचे मेळावे भरवले, म्हणून मराठवाड्यातल्या कितीतरी नव्या हातांना लिहायला बळ मिळालं. सर २०१८ ला गेले. ते काम आता कुणी करायचं?

प्रश्न फक्त लेखकाच्या मानाचा नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडा अहवालात आला, विधिमंडळात गेला, पेपरात छापला. पण ऑपरेशन करून आलेली बाई फडावर परत कधी उभी राहिली, मुकादमाची उचल फेडताना कोपीत नवरा-बायको काय बोलले, हे अहवालाच्या रकान्यात मावत नाही. ते कथेत मावतं. गेवराई, माजलगाव, केजच्या ज्या पोरीने ते आईच्या तोंडून ऐकलंय तिने लिहायचं, की चार दिवस फिरून गेलेल्या पाहुण्याने?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. वर्षावासातला महिन्याचा एक रविवार नव्या कथेला द्या. जिल्ह्यातला लेखक किंवा लेखिका येईल, स्वतःची एक अप्रकाशित किंवा नुकती छापलेली कथा वाचेल. हार-तुरे नाहीत, अध्यक्ष नाही. जयंतीच्या वर्गणीतून समितीने पंचवीस प्रती छापील किमतीला विकत घ्याव्यात. विहारात शिव्या असलेली कथा कशी वाचायची, असं कुणी म्हणेल. मग शेजारच्या समाजमंदिरात वाचा. पण कथेतल्या शिव्या गाळायला लावू नका.

आपला माणूस आहे म्हणून टाळ्याही नकोत. बरीच कथा आज भाषणासारखी लिहिली जाते, शेवटी नायक मूठ वळतो आणि संपते. हे लेखकाला तोंडावर सांगणारं कुणीतरी पाहिजे. पावसाळ्यात टोळ्या गावातच असतात, दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून कारखान्यांकडे निघतात. तेव्हा आषाढ-श्रावणातच वाचन ठेवा. कथेतला मुकादम खोटा वाटला तर पुढे बसलेली बाई तिथल्या तिथे म्हणेल, "बाबा, उचल अशी देत नसतात." लेखकाने वही उघडून तिला विचारावं, मग कशी देतात.